इटलीची सायकल आणि केळझरचा चढ

माझ्या मुलाला वाटतं, सायकल अपग्रेड करणं हे त्याच्या पिढीनं काढलेलं खूळ आहे. दर रविवारी पुण्याहून त्याचा फोन येतो आणि पहिली पाच मिनिटं माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली की गाडी सायकलवर येते. मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीच्या वर, खुंटीला टांगलेली आमची इटलीची सायकल त्याला नव्यानं उभी करायची आहे. कार्बनचा फोर्क, नवे गिअर, नवी चाकं, मूळचा रंग. मोबाइलवर तो मला फोटो पाठवतो आणि विचारतो, आई, यातलं कोणतं हँडल आवडलं? मला सगळी हँडलं सारखीच दिसतात. आता या वयात आवडीनिवडी ठेवायलाही दम लागतो, आणि माझा दम इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासण्यात संपून गेला. मी म्हणते, कर बाबा तुला काय करायचं ते. पण त्याला हे सांगायचं राहूनच जातं की ती सायकल एकदा अपग्रेड होऊन चुकली आहे, पिपरीत, आमच्या अंगणात, आणि त्या कामात एक अख्खा पावसाळा गेला होता.

वर्ध्याला लागून असलेली आमची पिपरी मेघे तेव्हा आजची नव्हती. आता माझ्या खिडकीतून समोरच्या फ्लॅटमधल्या बाईचा मिक्सर ऐकू येतो. तेव्हा मधे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, शेत होतं आणि त्याच्या पलीकडून जिनाचा भोंगा यायचा. कापसातून सरकी वेगळी करायच्या त्या कारखान्यात बाबा फिटर होते. घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, सदऱ्याच्या शिवणीत रुईचे बारीक तंतू असायचे. आई दारातच त्यांना थांबवून फडक्यानं झटकायची, मगच आत घ्यायची. बाहेरची रुई झटकता येते. आतली येत नाही. हंगाम सुरू झाला की बाबांची छाती वाजायला लागायची आणि उन्हाळा संपता संपता त्यांना विहिरीवरून भरलेली बादली आणतानाही मधे थांबावं लागायचं. आई इस्पितळात आया होती. तिची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची, त्यामुळे आमच्या घरात कोणी ना कोणी नेहमी झोपलेलं असायचं आणि बाकीचे दोघं हळू आवाजात बोलायचे. माझ्या लहानपणाचा मुख्य आवाज मला विचाराल तर तोच: कुजबुज, चुलीवर भाकर थापल्याचा आवाज, आणि बाबांचा खोकला. तिघंही थकलेले असायचो. पण थकलो असं म्हणायची पद्धत नव्हती. भाकर, अंबाडीची भाजी, वर तिळाची चटणी, एवढं पानात पडलं की दिवस संपला असं समजायचं.

सायकल आली ती आईमुळे. आमच्याकडे आश्रम बघायला परदेशी लोक येतच असतात. त्यातला पाओलो नावाचा एक इटलीचा तरुण सायकलवर देश बघत बघत वर्ध्याला पोचला आणि काविळीनं पिवळाधम्मक होऊन आईच्या वॉर्डात पडला. त्याला आमची भाषा येत नव्हती, आईला त्याची. पण आईनं त्याला आठवडेच्या आठवडे पेज पाजली, अंग पुसलं, आणि तो रात्री रडायला लागला की त्याच्याशी सरळ वऱ्हाडीत बोलत बसायची. बरा झाल्यावर तो आमच्याकडे जेवायला आला. बरोबर गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणि ती सायकल. विमानानं परत जायचं होतं, सायकल न्यायची त्याची ताकद नव्हती. त्यानं हँडल आईच्या हातात दिलं आणि तिच्या पाया पडला. आईनं आयुष्यात कधी सायकल चालवली नाही, पण त्या दिवसापासून सगळी वस्ती त्या सायकलीला आईच्या नावानं, कांताबाईची सायकल असंच म्हणायला लागली. रंग फिकट, ना निळा ना हिरवा. आई म्हणायची, कपडे धुतल्यावर बादलीत निळीचं पानी उरते तसा. दांडीवर सोनेरी अक्षरात कसलंसं नाव. बाबांनी ती एका हातानं उचलली आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या काळ्या सायकलीच्या निम्मीही जड नव्हती.

आता मूळ मुद्दा. बाबा दर दसऱ्याला सायकलनं नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. दीक्षेच्या वर्षी त्यांच्या वडलांनी त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं, आणि पुढं पाय पुरायला लागले तसे ते स्वतः चालवत जाऊ लागले. रेल्वे होती, ट्रक होते, वस्तीतून टेम्पो निघायचा. पण बाबांना सायकलनंच जायचं असायचं. त्या पावसाळ्याच्या आदल्या दसऱ्याला ते परत आले तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते. केळझरच्या अलीकडे रस्ता चढतो. बाहेरच्या माणसाला तो चढ वाटणारही नाही, पण जड सायकल आणि रुई भरलेली छाती घेऊन जाणाऱ्याला वाटतो. तिथं ते रस्त्याच्या कडेला आडवे पडले होते, हे आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. पावसाळा लागला, जिन बंद झालं, बाबा काळ्या सायकलीला तेल द्यायला बसले तेव्हा आई त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"तुमी जा. मी नाई म्हनत नाई. पन केळझरच्या चढावर पाय टेकला तं तिथूनच वापस या. पुढं जाचं नाई."

"अन् कोन पाहीन, टेकला का नाई ते?"

"सुजाता येईन संगं. पाहीन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दहावी होऊन घरीच बसले होते, पुढं शिकायचं की नाही याचा फैसला व्हायचा होता. आई म्हणाली, "अन् हे काळं धूड तुमी नेऊ नोका. माही सायकल न्या. तुमाले झेपन अशी करून घ्या."

बाबांनी शब्द दिला. आमच्या घरात शब्द दिला की विषय संपायचा.

तर असा तो पावसाळा. इटलीच्या सायकलीचे टायर चाकाला गोंदानं चिकटवलेले होते. पंक्चर झालं तर नवा टायर वर्ध्यात काय, नागपुरातही मिळेना. बाबांनी चाकं मोकळी केली आणि देशी रिमा आणून एकेक तार ओवून पुन्हा विणली. मी ओट्यावर बसून तारा हातात द्यायची. पाऊस पत्र्यावर वाजत असायचा आणि बाबा चाक फिरवून, डोळा बारीक करून, कुठं हलतंय ते पाहत राहायचे. मग सीट. मूळची सीट हाताच्या पंजाएवढी आणि लाकडासारखी टणक, तिच्यावर बसून माणूस खोकला तर खालीच यायचा. तिथं स्प्रिंगची रुंद सीट आली. मग ते खाली वाकलेलं हँडल. त्यावर ओणवं झालं की छाती दाबली जायची, म्हणून बाबांनी ते सोडवून उलटं बसवलं, टोकं वर. आता ताठ बसता येत होतं. मग मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी. पोळ्याच्या दिवसात मी हौसेनं चाकांच्या मधोमध रंगीत फुलं अडकवली आणि हँडलच्या टोकांना गोंडे बांधले. जिनातले वेल्डर मडावीकाका, आमचे शेजारी, कुंपणावर हात ठेवून हे सगळं बघत असायचे. म्हणाले, "का बावा, सायकल करून राह्यला का बैल?" बाबा हसले, मग खोकले. हसलं की खोकला यायचा, म्हणून ते जपून हसायचे.

मुलानं ही सायकल पहिल्यांदा नीट निरखून पाहिली तेव्हा त्याचा चेहरा पडला. असली सायकल, आणि तिला स्टँड लावला? कॅरिअर? वजन किती वाढलं असेल! वाढलं असेल. त्याच्या अपग्रेडमधे वजन कमी करायचं असतं आणि ते ग्रॅममधे मोजतात. मला त्याच्याशी वाद घालायचा कंटाळा येतो. आमच्याकडे सायकल सुधारली म्हणजे ती घरच्यासारखी झाली, तिच्यावर डबा ठेवता आला, तिला भिंतीचा आधार न लागता उभं राहता आलं. आणि या सगळ्यात माझ्या बापाला श्वास घेता यावा, एवढा एकच हेतू होता.

शेवटचं काम राहिलं होतं पायडलाच्या दातेरी चाकाचं. पाओलोचं चाक मोठं होतं, तरण्या मांड्यांसाठी केलेलं. चढावर हलकं जावं म्हणून बाबांनी लहान मुलांच्या सायकलीचं छोटं चाक, पायडलं आणि आस असं सगळं जमवून आणलं. ते बसवायचं तर जुना आस आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाट्या, ज्यांच्यात छर्रे फिरतात, त्या काढायला हव्यात. दसरा अगदी तोंडावर आला होता. आई दुपारच्या पाळीला गेली होती. डावी वाटी बाबांनी सहज काढली. उजव्या वाटीला पाना लावून त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांना शिकवायला आवडायचं.

"हे पाय. उजव्या वाटीचे आटे उलटे असतेत. दुसरं काही खोलतो तसं खोललं तं आवळन. हे असं, उलट्या अंगानं फिरवाचं. ध्यानात ठेवजो."

आपल्याकडच्या प्रत्येक सायकलीला ते खरं आहे. उजवी वाटी पायडल मारता मारता सुटू नये म्हणून तिचे आटे उलटे पाडलेले असतात, आणि बाबांनी आयुष्यभर शेकडो सायकली तशाच खोलल्या होत्या. वाटी हलेना. त्यांनी पान्याच्या दांड्यावर पाण्याचा पाइप चढवला. मी सायकल पोटाशी धरून ठेवली आणि ते पाइपवर भार टाकत राहिले, थांबत राहिले, खोकत राहिले, पुन्हा भार टाकत राहिले. मग कडकन आवाज झाला आणि पाइप बाबांसकट खाली गेला. वाटी सुटली नव्हती. ती आत शिरली होती, आणि तिच्याबरोबर सायकलीच्या हाडातले आटे सोलून निघाले होते. इटलीवाले दोन्ही बाजूंचे आटे सरळच ठेवतात. बाबा जितका जोर लावत होते तितकी ती आवळत होती.

ते जमिनीवरच बसले. सोललेल्या लोखंडाचा चकचकीत वळसा त्यांनी बोटानं चाचपला. "दोन्हीकडून सरळ," ते म्हणाले. "कोन ठेवते बाप्पा दोन्हीकडून सरळ?" त्यांना इतकं हरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला रडायला आलं आणि रागही आला. बाबांचा नाही, पाओलोचा नाही, कोणाचा ते आजही सांगता येणार नाही. आईची वाट बघत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. दिवेलागणीला ती आली. दारातून तिनं सगळं पाहिलं. ती चार शब्दांत प्रकरण मिटवू शकली असती, सायकल मोडली, जाणं राहिलं, संपलं, आणि बाबांनी ते ऐकलंही असतं. पण ती पायांवर पाणी घेत म्हणाली, "मडाव्याभाऊले आवाज द्या. वेल्डिंग करून देतीन."

दुसऱ्या दिवशी मडावीकाकांनी देशी वाट्या आणल्या. त्या इटलीच्या भोकात सैल पडत होत्या, म्हणून डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवल्या आणि वरून वेल्डिंग मारून कायमच्या जोडून टाकल्या. "आता हे जलमभर निंघत नाई," काका म्हणाले. आस किंचित तिरपा बसला. पायडल फिरवलं की कर्र-टक, कर्र-टक असा आवाज यायला लागला, आणि तो कशानं गेला नाही. वेल्डिंगनं रंगही जळला होता. विहाराच्या फाटकाला लावून उरलेला निळा ऑइलपेंट होता, बाबांनी तो सगळ्या सायकलीला दिला. आई म्हणाली, त्या पोराचं नाव राहू द्या; दांडीवरची अक्षरं म्हणजे पाओलोचं नाव असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. म्हणून बाबांनी अक्षरांवर तिच्या इस्पितळातली चिकटपट्टी लावून भोवती ब्रश फिरवला. पट्टी काढल्यावर निळ्याच्या मधोमध जुन्या रंगाचा चौकोन आणि त्यात सोनेरी नाव. आम्ही तिघं अंगणात उभे राहून बघत होतो. मला ती जगातली सगळ्यात देखणी सायकल वाटली.

दसऱ्याला आम्ही झुंजुमुंजू निघालो. बाबा इटलीच्या सायकलीवर, मी काळ्या सायकलीवर, मधल्या दांडीखालून पाय घालून नव्हे, चक्क सीटवर बसून, पांढरा पंजाबी ड्रेस घालून. सेलूपर्यंत रस्ता माणसांनी भरलेला होता. ट्रकवर निळे झेंडे, बायाबापे, लेकरं, चालत जाणारे म्हातारे, आणि जो तो एकमेकांना जयभीम घालत होता. बाबांच्या सायकलीकडे लोक वळून बघत होते. त्यांची पाठ ताठ होती. कर्र-टक, कर्र-टक असा आवाज माझ्यापुढं चालला होता आणि मला पहिल्यांदा वाटलं, जमेल.

चढ लागला तेव्हा ऊन वर आलं होतं. बाबांनी मागं वळून पाहिलं नाही. आवाज हळू झाला. कर्र, आणि बऱ्याच वेळानं टक. त्यांचे खांदे वरखाली होत होते. वर झाडीतून केळझरच्या गणपतीची टेकडी दिसत होती आणि मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी पायडल मारत होते. निम्म्यापेक्षा जास्त चढ झाला होता. मग आवाज थांबला. त्यांनी डावा पाय रस्त्यावर टेकला, सायकलीवरून उतरले आणि मैलाच्या दगडावर बसले. खोकला थांबायला फार वेळ लागला. मी पदरासारखी ओढणी घेऊन त्यांना वारा घालत होते.

"बाबा, मी नाई पाह्यलं," मी म्हणाले.

त्यांनी तोंड पुसलं. "म्या तं पाह्यलं ना."

थोड्या वेळानं ते उठले. खिशातून पाना काढून त्यांनी इटलीच्या सायकलीची सीट माझ्या मापानं खाली घेतली. आमच्या वस्तीतली चार-पाच मंडळी सायकलींवर मागून येत होती, त्यांना हात करून थांबवलं. मला काही कळेना. मी म्हणाले, "आपन वापस चाललो ना?"

"मी चाललो. शब्द म्या देला. तू कोठं उतरली? सायकल तुह्या आईची हाय, तिले नागपूरले नेऊन आन."

मी रडत होते, पण बसले. तोवरच्या आयुष्यात मी इतकी हलकी सायकल चालवली नव्हती. पायडल मारलं की ती नुसती पुढं जात होती. छोट्या चाकामुळं चढ पायाला लागतच नव्हता, आणि ते सुख मला होत होतं, ज्याच्यासाठी सगळं केलं त्याला नाही, हे मला त्या वयातही फार टोचलं. वर पोचून मी मागं पाहिलं. बाबा काळ्या सायकलीवर सेलूच्या दिशेनं उतरत होते. उतारावर त्यांना पायडल मारावं लागत नव्हतं, तेवढंच बरं वाटलं.

नागपूरबद्दल मी इथे लिहीत नाही. गर्दी, धूळ, दिवे, आणि डोळे मिटले की बाबा. मी परत आले तेव्हा बाबांनी सायकल स्टँडवर लावून हातानं पायडल फिरवलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, टिकली. पुढच्या दसऱ्यापासून मी जाऊ लागले. लग्न झाल्यावरही, प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावरही, गुडघे गेले तोवर. बाबा पुन्हा गेले नाहीत. फार वर्षं राहिलेही नाहीत.

मागच्या दिवाळीत मुलगा सायकलीचे फोटो काढून घेऊन गेला. पुण्यातल्या एका जाणकारानं सांगितलं म्हणे, बाकी सगळं बदलता येईल, पण ते वेल्डिंग कापलं तर सांगाडाच जाईल; कोणा अडाण्यानं सायकलीचा खून केलाय. मुलगा हे फोनवर हसत सांगत होता. मी फोन ठेवून दिला. नंतर रात्रभर मला वाईट वाटत राहिलं, कारण त्याला काही माहीत नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

त्या दसऱ्याचं एक मला पुष्कळ उशिरा कळलं. आई अंथरुणाला खिळली होती आणि मी तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा ती आपणहून बोलली. आम्ही निघाल्यावर तिनं इस्पितळात निरोप पाठवून रजा टाकली. बेसन घोटून पातोड्या थापल्या, बाबांना आवडायचा तसा झणझणीत रस्सा केला, आणि दोघांचा भात टाकला. बाबा दुपारच्या आधीच आले. सायकल भिंतीला लावून, हातपाय धुऊन आत आले, तर दोन ताटं मांडलेली.

"मी वापस येतो हे तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग सायकल काऊन देली? पावसाळाभर मले राबू काऊन देलं?"

आई म्हणाली, "चढून पाह्यल्याबिगर तुमी घरी बसले नसते."

बाबा खाली मान घालून जेवले, आणि दोनदा रस्सा मागून घेतला, असं आई सांगत होती.